तुळईचं टेबल

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारातल्या मांडवात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, फक्त खोकला आणि पाणी प्यायलो ते वगळलं आहे.)



मला बोलायला उभं करण्याचं कारण तुमच्यासमोरच आहे. मघाशी दीपप्रज्वलन झालं, ती समई ज्या टेबलावर ठेवली आहे ते माझ्या घरातलं टेबल. मांडववाल्यानं आणलेलं टेबल डुगडुगत होतं. समई पाहुण्यांच्या अंगावर यायची, म्हणून सचिवांनी सकाळीच माझी बेल वाजवली. म्हणाले, "सर, तुमचं दाराजवळचं ते छोटं टेबल द्या तासभर." टेबल खाली आलं. मग समितीतलं कुणीतरी म्हणालं, हे सरांनी स्वतःच्या हातानं केलंय, त्यांना दोन शब्द बोलू द्या. मास्तरला दोन शब्द बोलायला सांगणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसावं. आता ऐका.

एक आधीच सांगून टाकतो. समईचं तेल टेबलावर सांडलं तर घाबरू नका, पुसू नका. त्याला मी तेलच पाजलेलं आहे.

आपल्या सगळ्यांच्या घरात दार उघडलं की सरळ हॉल. आत आलं की किल्ली कुठं ठेवायची, लाइट बिल कुठं ठेवायचं, चष्मा कुठं, हेल्मेट कुठं? पंचवीस वर्षं आपण या वस्तू टीव्हीवर, फ्रिजवर आणि चपलांच्या रॅकवर ठेवत आलो आणि रोज सकाळी शोधत आलो. आमच्या गावच्या घरात हा प्रश्नच नव्हता. तिथं दारातून आत आलं की उजव्या हाताला भिंतीत कोनाडा होता. किल्ली कोनाड्यात, काडेपेटी कोनाड्यात, वडिलांची तंबाखूची पिशवीसुद्धा कोनाड्यात. आता फ्लॅटची भिंत चार-सहा इंचांची, तिच्यात कोनाडा कुठं बसवणार? म्हणून निवृत्तीनंतर मनात आलं की दाराजवळ एक अरुंद, हलकं टेबल करावं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याला लागू नये आणि खालून झाडू फिरावा, एवढंच.

दुकानात तयार मिळत नाही का? मिळतं. भुसा दाबून केलेल्या पाटीचं, वरून लाकडाचं चित्र चिकटवलेलं. पाणी लागलं की फुगतं. माझं टेबल करायचं कारण मात्र वेगळं होतं. माझ्याकडं एक तुळई आली होती.

ज्यांचं बालपण आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यात गेलं त्यांना माळवद सांगायला नको. या समोरच्या मुलांसाठी सांगतो. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती. आत लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि त्यावर पांढरी माती. फूटभर, दीड फूट, कुठं त्याहून जास्त. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी चार पाट्या. खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. घर केवढं म्हणून विचारलं की "सात खणांचं" असं उत्तर यायचं. उन्हाळ्यात आत गारवा असायचा आणि माणूस कैक टन मातीखाली निवांत झोपायचा.

30 सप्टेंबर 1993 ला ती निवांत झोप संपली. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चार वाजायच्या आतच किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं खाली बसली, हजारो माणसं त्या दगडमातीखाली गेली. आपल्याकडं घरं हलली आणि आम्ही अंगणात पळालो. पुढं कित्येक रात्री लोक अंगणातच झोपले. त्या पडलेल्या घरांची पाहणी करणाऱ्या इंजिनिअर लोकांनी एक गोष्ट नोंदवली आहे: काही घरांत भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. त्यानं माळवद वर धरून ठेवलं आणि आतली माणसं वाचली. दगडानं मारलं आणि लाकडानं धरलं, असा प्रकार.

लोकांना मात्र माळवदाचीच धास्ती बसली. आमच्या वडिलांनीही पुढच्या उन्हाळ्यात दोन खणांचं माळवद उतरवलं, माती शेतात टाकली आणि वर पत्रे घातले. उतरवलेल्या तुळया गोठ्यात रचून ठेवल्या. बाकीचं घर तसंच राहिलं. वडील गेले, मग आई गेली, मी बीडला, धाकटा भाऊ पुण्याला. घराला कुलूप. कुलूपबंद घर किती दिवस टिकणार? एका पावसाळ्यात मागची भिंत पडली, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की उतरवून टाकू.

जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्यानं खांब, तुळया, दाराची चौकट, सगळ्याची मिळून एक रक्कम सांगितली. मी म्हटलं, माजघरातली एक तुळई मला ठेवायची आहे. भाऊ म्हणाला, "ठेव ना दादा. पण मग ती तुझ्या हिश्श्यातून वजा धरू." हिशोबानं त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी ते मला लागलं. मी तिथल्या तिथं पैसे मोजले, टेम्पोवाल्याला बोलावलं, आणि त्यानंतर आम्ही दोघं भाऊ दीड वर्ष फक्त लग्नकार्यात बोललो. एका तुळईसाठी. ऐकायला हसू येईल, पण या मांडवात असे किती तरी जण असतील ज्यांचं याहून लहान वस्तूवरून बोलणं बंद आहे. असो.

हीच तुळई का? तर तिला लोखंडी कडी होती. त्या कडीला पाळणा टांगायचे. मी त्यात झोपलो, धाकटा झोपला, आमच्या दोन्ही बहिणी झोपल्या.

तुळई आठ फूट लांब, सहा इंच रुंद, पाच इंच जाड. म्हणजे पावणेदोन घनफुटाच्याही आत. सागाची. आमच्या घरातल्या सगळ्या तुळया काही सागाच्या नव्हत्या, बऱ्याचशा कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या होत्या. आपला जिल्हा तसा उघडा-बोडका, सागाची रानं किनवट-आदिलाबादकडं, नाहीतर त्याही पलीकडं चंद्रपूर-गडचिरोलीला. तिथल्या बल्लारशाच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली साग गेला, ते आपण टीव्हीवर पाहिलंच. आमची तुळई काही एवढी भाग्यवान नव्हती. तिची दोन्ही टोकं भिंतीत गाडलेली असायची. भिंतीतली ओल खाऊन ती सव्वा-सव्वा फूट कुजली होती. उरली साडेपाच फूट. त्यातही एका बाजूनं लांब चीर गेलेली.

ती घेऊन मी लाकूड चिरायच्या गिरणीवर गेलो. मालकानं लांबूनच हात हलवला. जुन्या लाकडात खिळे असतात, पट्टा तुटला तर कोण भरून देणार? त्याचं बरोबर होतं. मी घरी आणून जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक तुळईवर इंच-इंच फिरवला. जिथं ओढ लागेल तिथं खडूची खूण. अकरा खिळे निघाले, लोहारानं हातानं घडवलेले, चौकोनी. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड शाईसारखं काळं झालेलं. लोखंड आणि ओल एकत्र आली की सागात असा डाग पडतो आणि तो रंध्यानं जात नाही. शेवटी पाळण्याची कडी काढली. ती पक्कडीला दाद देईना, तेव्हा दोन तास पटाशीनं भोवतालचं लाकूड थोडं थोडं कोरावं लागलं. मग गिरणीवाल्यानं चिरून दिलं, पण तुळई टेबलावर चढवण्याआधी चुंबक स्वतः फिरवून पाहिला.

आता सुतारकाम मला कुठून येणार? मी शिकवलं गणित. पेठेत एक वयस्क सुतारकाका आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांच्या वडिलांपर्यंत गावची बलुतेदारी होती. नांगर, वखर, तिफण, बैलगाडी, सगळं सुतारानं करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. काकांची स्वतःची सुरुवात बाभळीच्या गाड्या करण्यात गेली. पुढं टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, मग ते दारं-खिडक्यांकडं वळले. आता त्यांचा मुलगा प्लायवूडचं मॉड्युलर किचन करतो आणि काका दुकानाबाहेर स्टुलावर बसतात. मी तुळईचं सांगितलं तर उठून उभे राहिले. म्हणाले, "सर, चाळीस वर्षांपूर्वी हे इचारलं असतं तर म्या हातात बी धरू दिलं नसतं. आता या रोज, शिकवतो." मी पैशाचं विचारलं तर म्हणाले, "नातवाचं गणित घ्या." असा सौदा झाला. नातू दहावीला गणितात पास झाला, हेही इथं नोंदवून ठेवतो.

काकांनी आधी कागदावर काढायला लावलं. उंची तीस इंच, लांबी छत्तीस, रुंदी साडेअकरा. चार पाय, पायांना वरच्या बाजूला जोडणाऱ्या चार इंची चार पट्ट्या, आणि वर फळी. मी म्हटलं, पाय चौकोनी सरळच ठेवू, सोपं पडेल. काकांनी दीड इंची चौकोनी काठी उभी धरून दाखवली. "एवढ्याशा टेबलाला असे पाय म्हंजे शेळीला हत्तीचे पाय." खाली निमुळते करायचे ठरलं.

निमुळता पाय हा काही फक्त दिसण्याचा नखरा नाही. टेबलाला खरा ताण येतो तो वर, पाय आणि पट्टीच्या सांध्यात. कुणी टेबल सरकवलं, मुलगा त्यावर टेकला, की सांधा उखडू पाहतो. खाली जमिनीजवळ पायाला फक्त वजन पेलायचं असतं, त्याला पाऊण-एक इंच लाकूड पुष्कळ. म्हणून वरचे साडेचार इंच पाय पूर्ण जाडीचा, चौकोनी ठेवायचा. पट्टी चार इंचांची, त्याखाली अर्धा इंच सोडायचा आणि मग निमुळतेपणा सुरू करायचा. काकांच्या भाषेत, "जिथं जोर हाय तिथं हात लावायचा न्हाई."

आता हिशोब. सुताराचं माप सुतात असतं. आठ सूत म्हणजे एक इंच. पाय वर बारा सूत, खाली सात सूत. पाच सूत कमी करायचे, साडेचोवीस इंचांच्या लांबीत. म्हणजे साधारण पाच इंचाला एक सूत. गणिताच्या मास्तरला हे ऐकून फार बरं वाटलं. भूमितीच्या तासाला उताराचं उदाहरण म्हणून मी आयुष्यभर रस्त्याचा चढ दिला. हे आधी कळलं असतं तर वर्गात टेबलाचा पाय नेला असता.

आणि यातली खरी गोम अशी की पाय चारही बाजूंनी निमुळता करायचा नाही. फक्त आतल्या दोन बाजूंनी. बाहेरच्या दोन बाजू वरपासून खालपर्यंत ओळंब्यात सरळ. आतून तासलं की चारही पाय किंचित बाहेर रोवून उभे असल्यासारखे दिसतात. उलट बाहेरून तासलं तर पावलं आत ओढली जातात, टेबल गुडघे एकमेकांना घासत चालणाऱ्या माणसासारखं दिसतं आणि धक्क्याला लवकर कलंडतं.

क्रमही ठरलेला. आधी पाय चौरस रंधून घ्यायचे, गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात तपासायचा. मग पट्ट्यांसाठी भोकं पाडायची, आणि त्यानंतरच निमुळते करायचे. कारण चौरस काठी पाटावर नीट बसते, तासलेली हलते. पट्टीच्या टोकाला कुसू करायचं, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि ते पायाच्या भोकात बसवायचं. एका पायात दोन बाजूंनी दोन कुसवं येतात आणि आत एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोकं तिरपी कापायची. कुसू हातानं दाबल्यावर आत गेलं पाहिजे. हातोडीनं ठोकावं लागलं तर घट्ट आहे, पाय चिरेल. आपोआप सुटलं तर सैल आहे, आणि फेव्हिकॉल सैल सांध्याला वाचवत नाही. माझी पहिली दोन कुसवं सैल झाली. तेव्हा काकांनी बोलणं थांबवलं आणि तंबाखू मळायला घेतली, म्हणजे मी समजून घ्यायचं.

तासताना आधी दोन्ही कडांना पेन्सिलची रेघ. मग रंधा. सुरुवात पायाच्या खालच्या टोकाशी. आधी शेवटचे चारच इंच रंधायचे, मग आठ इंच, मग फूटभर, असं मागं मागं येत रेघेच्या सुरुवातीपर्यंत. रंध्याचा हात मात्र नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडं जायचा. उलट मारला तर रेषा उचकटतात आणि ढलपा निघतो. जुना साग रंधताना चामड्यासारखा वास येतो. आमच्या पार्किंगमध्ये तो वास आठ दिवस होता. रंध्याचा आवाज पण होता. त्याबद्दल एक लेखी तक्रार समितीकडं आली. तक्रार करणारे आज इथं बसलेत आणि हसतायत, त्यामुळं नाव घेत नाही. दुपारी एक ते चार काम बंद, असं ठरलं. ते मी पाळलं.

आता माझी चूक. चिरेमुळं आणि खिळ्यांमुळं त्या तुळईतून पायाच्या लांबीच्या काठ्या पाचच निघाल्या. पाचवीच्या नेमक्या मधोमध खिळ्याचं भोक होतं, म्हणून ती बाद. राहिल्या चार. म्हणजे एकही जास्तीचा पाय नाही. तीन पाय उत्तम झाले. चौथ्याच्या वेळी फोन आला. फोन पुण्याहून होता. धाकट्याचा. वडिलांच्या वर्षश्राद्धाचं विचारायला, एवढंच, दोन मिनिटं. मी परत आलो आणि पाटावरची काठी उचलून रंधायला लागलो. एक बाजू बरोबर झाली. दुसरी बाजू पूर्ण तासून झाल्यावर काठी फिरवली तर भोक वेगळ्याच बाजूला. भोकाची बाजू खाली पाटाकडं होती आणि मी शेजारची, बाहेरची बाजू तासून बसलो होतो.

मंडळी, दुकानातलं लाकूड असतं तर दुसरं आणलं असतं. हे कुठून आणणार? बाकीच्या तुळया केव्हाच विकल्या गेलेल्या. मी काठी तशीच ठेवून वर गेलो आणि त्या रात्री जेवलो नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, एका लाकडासाठी उपास धरायला तुम्ही काय लहान आहात?

सकाळी काका आले. त्यांनी काठी हातात घेऊन चारही बाजू फिरवून पाहिल्या, आणि विचारलं, "वरचे साडेचार इंच चौकोनी हायेत का न्हाई?" हायेत. "मग पाय गेला कुठं?" वरचा भाग चौरसच होता, त्यामुळं पाय फक्त एक घर फिरवायचा. तासलेल्या दोन बाजू आतल्या धरायच्या. त्यातल्या एकीला भोक आधीचंच होतं. दुसरीला नवं भोक पाडायचं, आणि बाहेर गेलेलं जुनं भोक त्याच तुळईच्या तुकड्यानं बुजवायचं. तुकड्याच्या रेषा पायाच्या रेषांच्या दिशेनंच ठेवायच्या, आडव्या नाहीत. आडवा तुकडा उन्हाळा-पावसाळ्यात वेगळा हलतो आणि सुटून येतो. चार तासांत पाय परत मिळाला. त्यावर एक ठिगळ आहे. तो पाय आम्ही मागं डावीकडं असा बसवला की ठिगळ भिंतीकडं जावं. घरात तीन वर्षं ते कुणाला दिसलं नाही. आज मात्र टेबल व्यासपीठाच्या मध्यभागी आहे, त्यामुळं मागं बसलेले आपले सन्माननीय पाहुणे मघापासून तेच बघतायत.

वरच्या फळीचं थोडक्यात सांगतो. दोन फळ्या कडेला कड जोडून. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी कडा थिनरनं पुसून घ्यायच्या. आणि फळी खालच्या सांगाड्याला चिकटवायची नाही, खिळ्यांनी ठोकायचीही नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर आणि हवा कोरडीठक्क, पुढं दोन महिन्यांत दमट पावसाळा. एवढ्या रुंदीची फळी वर्षात सुतभर आक्रसते आणि फुगते. तिला जागा नाही दिली तर ती चिरते. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या अंगाला खाच पाडून त्यात लाकडी गुटके अडकवले आणि गुटके फळीला खालून स्क्रूनं धरले. फळी धरलेलीही राहते आणि सरकतेही.

शेवटी तेल. जवसाचं, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. पातळ हात, पुसून घ्यायचं, दिवसभर वाळवायचं, असे पाच हात. यातली एक गोष्ट घरी जाऊन विसरू नका: या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. वाळताना ते आतल्या आत तापतं आणि काडी न लावता पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका. पार्किंगमध्ये पंधरा-वीस पेट्रोलच्या गाड्या असतात म्हणून मुद्दाम सांगतो.

एक गंमत सांगतो. 1950 च्या दशकात चंदीगड शहर वसवलं तेव्हा सरकारी कार्यालयांसाठी पिअर जानरे नावाच्या स्विस वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सागाच्या खुर्च्या-टेबलं केली गेली, तिरक्या निमुळत्या पायांची, बसायला वेताची. पुढं त्या मोडक्या झाल्या म्हणून गच्चीवर ढीग लागले आणि भंगाराच्या भावानं लिलावात गेल्या. आज परदेशात त्याच खुर्च्या लाखो रुपयांना विकल्या जातात. काकांना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "करणाऱ्या सुताराला काय मिळालं?"

टेबल दाराजवळ ठेवलं. किल्ली, बिलं, चष्मा, सगळं जागेवर गेलं. मागच्या फळीत पाळण्याच्या कडीचं भोक आहे. बोट जाईल एवढं, भोवती काळं वर्तुळ. काका म्हणाले होते, बुजवून टाकू, दिसणार नाही. मी नको म्हटलं.

दिवाळीत धाकटा आला. बायको-मुलांसह, पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी. दारात चपला काढल्या, सवयीनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तिथंच थांबला. वाकून टेबलाखाली बघितलं, पायांवरून हात फिरवला. मग त्या भोकात बोट घातलं. बराच वेळ काही बोलला नाही. मी आपला आतून "चहा घेणार ना रे?" म्हणून ओरडतोय. जेवताना म्हणाला, "दादा, मला पण असंच एक कर ना." मी म्हटलं, लाकूड कुठंय? त्या व्यापाऱ्याकडं चौकशी करून आलो, आपल्या तुळया कुठल्या कुठं गेल्या. तो म्हणाला, "माहीत आहे. मी पण फोन केला होता."

तुळईतलं आता एवढंच शिल्लक आहे: पट्ट्या कापल्यावर राहिलेल्या, दोन इंच रुंद आणि तीन फूट लांब अशा दोन चिपा. त्या मी कपाटावर जपून ठेवल्यात. धाकट्याच्या टेबलाचे पाय आणि पट्ट्या कडुनिंबाच्या करायच्या ठरल्यात, आणि वरच्या फळीच्या मधोमध या दोन सागाच्या चिपा. कडुनिंब ओला मिळाला. ओलं लाकूड जाडीच्या इंचाला वर्षभर सावलीत वाळवायचं असतं, म्हणून तो गेल्या पावसाळ्यापासून गच्चीच्या जिन्याखाली मधे पट्ट्या घालून रचून ठेवलाय. तिथं काय लाकडं पडलीत म्हणून विचारत होतात ना? ती ही. कृपा करून होळीला नेऊ नका.

काकांना आता जिने चढवत नाहीत, पण ते खाली खुर्चीवर बसून बघायला तयार आहेत. सचिवांची परवानगी काढली आहे: दर रविवारी सकाळी दहा ते बारा, पार्किंगच्या कोपऱ्यात. दोन रंधे आहेत, एक करवत, तीन पटाश्या. ज्या मुलांना यायचं त्यांनी यावं, मुलींनी तर नक्की यावं. येताना पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. आणि फोन घरी ठेवून या. कारण तुम्हाला सांगितलंच आहे.